बत्त्याचे दोन फेरे

४ जुलै १९८७, शनिवार. एकूण भुकटी बेचाळीस ग्रॅम, बाटल्या एकवीस, प्रत्येकीत दोन ग्रॅम. हजर: तू, मी आणि सुमनवहिनी. जागा: भैंसा गावातल्या माझ्या औषधाच्या दुकानामागची खोली. ही नोंद माझ्या अक्षरात आहे आणि ती खरी आहे. त्याच वहीत पुढं जे लिहिलं आहे त्याबद्दल मात्र मला तुझ्याशी बोलायचं आहे. तू होतास तेव्हा बोललो नाही.

मधू, तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. कॉलेजात तुझी शोकसभा झाली. प्राचार्य बोलले, तुझे दोन विद्यार्थी बोलले, एक तेलुगूत आणि एक मराठीत. मग मला उभं केलं, बालमित्र म्हणून. मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो. लोकांना वाटलं, कंठ दाटला. दाटला नव्हता. समोरच्या रांगेत तुझी मुलगी मुक्ता बसली होती आणि तिच्यासमोर तुझी स्तुती करायचा हक्क मला आहे का, याचा हिशेब मी डोक्यात करत होतो.

ह्या सगळ्याची सुरुवात बासरच्या देवळात झाली. मुक्ता चार वर्षांची होती आणि तिला अक्षराभ्यासाला, म्हणजे पहिलं अक्षर गिरवायला, न्यायचं होतं. आपण दोन्ही घरं सकाळच्या गाडीनं गेलो. पुजाऱ्यानं ताटात तांदूळ पसरले, पोरीचं बोट धरून अक्षर काढून घेतलं, आणि ते झाल्यावर वहिनी प्रसादाला गेल्या. तू ताट मांडीवर घेऊन पायरीवर बसलास. ताट किंचित हलवून मला म्हणालास, कोणते दाणे हलतात ते पाहा. वरचे हलत होते. खालचे दबलेले, जागच्या जागी. तू म्हणालास की ह्यातच सगळं आहे.

मला काही कळलं नाही, म्हणून तू विटांवर आलास. रचलेल्या भिंतीतून वीट काढायची तर जोर लागतो. नुसत्या ढिगातून ती सहज निघते. औषधाचंही तसंच. त्याचे कण रांगेत रचलेले असले की रवा होतो, आणि रवा पाण्यात लवकर विरघळत नाही. तेच औषध वितळवून एकदम गार केलं तर कणांना रांग लावायला वेळच मिळत नाही, काचेसारखं काहीतरी होतं, आणि ते झटकन विरघळतं. त्याचं इंग्रजी नाव ॲमॉर्फस असं तू सांगितलंस. मी पुढं वहीत ‘बिनरव्याची’ असं लिहीत गेलो. अडचण एवढीच की विटांचा ढीग आपणहून भिंत होत नाही, पण ही भुकटी होते. दमट हवेत तर लवकरच. आणि ती सुरुवात वरून होते, कारण वरच्या कणांना हलायला जागा असते. म्हणून वरचा थर धरून ठेवायचा. पातळ लेपानं.

आपल्याला ही भुकटी कशाला हवी होती, ते वाचणाऱ्याला सांगायला हवं. माझ्या दुकानात नायट्याच्या गोळ्या सगळ्यात जास्त जायच्या. जिनिंगमध्ये घामात आणि कापसाच्या धुरळ्यात दिवसभर उभी राहणारी माणसं, पाठ आणि मांड्या चट्ट्यांनी भरलेल्या. तीन-तीन महिने गोळ्या घ्यायची, गुण नाही. ते औषध पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तरच अंगी लागतं. बोथ गावाकडून आलेली एक बाई एकदा काउंटरवर गोळ्यांची रिकामी पाकिटं मांडून उभी राहिली. मी तिला समजावलं की दुधातुपासंगं घ्यावं लागतं.

ती म्हणाली, “तूप असतं त हे दुखणंच काऊन आलं असतं, भाऊ?”

तू बाकावर बसून चहा पीत होतास. पेला खाली ठेवलास आणि उठून गेलास. हैदराबादला औषधाच्या कारखान्यात सात वर्षं प्रयोगशाळेत काढून, वडिलांचं अंग लुळं पडलं म्हणून तू घरी परतला होतास. इथं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतास. बासरचं ते बोलणं मी तोवर विसरलो होतो. तू विसरला नव्हतास. दुसऱ्याच आठवड्यात तू हैदराबादला तुझ्या जुन्या साहेबांकडं जाऊन आलास. त्यांनी शंभर ग्रॅम शुद्ध औषध दिलं आणि एक अट घातली: पावसाळ्यातल्या नव्वद दिवसांच्या नोंदींचा कागद आण, लेप टिकला असं त्यात दिसलं तर तुला परत घेतो आणि हेच काम देतो. परत जाणं म्हणजे तुझ्यासाठी काय होतं ते मला माहीत होतं. तू फळ्यावर समीकरणं लिहिताना पोरांकडं पाठ करून जरा जास्तच वेळ उभा राहायचास.

सहा आठवडे आपण खपलो. वातीच्या स्टोव्हवर वाळूची कढई, वाळूत स्टीलची वाटी, वाटीत औषध. वितळलं की बर्फावर ठेवलेल्या लोखंडी पत्र्यावर ओतायचं. पातळ काच तयार व्हायची, तिच्यात तडतड आवाज यायचा. ती काच तू माझ्या चिनी मातीच्या खलात कुटायचास आणि रव्याच्या चाळणीनं चाळायचास. दाणे दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्यात घालून डबा आडवा फिरवायचा आणि फिरता फिरता लाखेचं पाणी मारायचं. लाख म्हणजे सुतार पॉलिशला वापरतात तोच चपडा, स्पिरिटमध्ये विरघळवलेला. डासांचं औषध मारायचा नवा कोरा पंप, आणि टेबलफॅन.

पहिले चार घाणे वाया गेले, सगळ्याचा एक गोळा झाला. तेव्हा तू निर्मलला गेलास, एका खेळणीवाल्याकडं. त्याच्या ओट्यावर दोन दिवस बसून तो लाकडी पोपटावर रंगाचा हात कसा देतो ते पाहिलंस. परत येऊन सांगितलंस की म्हातारा एकदाही जाड हात देत नाही. पातळ देतो, वाळवतो, पुन्हा देतो. तुला तो म्हणाला होता, मास्तर, तुमची घाई डब्यात नाही, मनगटात आहे. हे सांगताना तू स्वतःवरच हसत होतास. पाचवा घाणा सुटा आला.

आणि आपलं भांडण. ते संपलंच नाही. माझं म्हणणं होतं, जो लेप पाण्याला आत येऊ देत नाही तो औषधाला बाहेर कसा येऊ देईल? मग त्या बोथच्या बाईला काय उपयोग? तू सांगायचास की लाख पोटात टिकते, आतड्यात सुटते, आणि लेप इतका पातळ असायला हवा की त्याचं काम बाटलीत संपावं. मी विचारायचो, इतका म्हणजे किती, आकडा सांग. तू म्हणायचास, “तुह्या हातात काटा दिला गोविंदा, त तू वाऱ्यालेही तोलशील.” गावात मला काटेशेट हे नाव तूच पाडलंस. मला ते आवडायचं. शेजारचे सोनार त्यांची वजनं माझ्या काचपेटीतल्या तराजूवर पडताळून न्यायचे, आणि मी किती बारीक फरक दाखवला ते चारचौघांत सांगायचे.

तर एकवीस बाटल्या. दहांत उघडे दाणे, दहांत लेप दिलेले, एक लेपाचीच पण राखीव. दर नवव्या दिवशी दोन्हींतली एकेक बाटली उघडायची. त्यातून शंभर मिलिग्रॅमच्या पुड्या तोलून बांधायच्या आणि त्यांवर नुसता आकडा घालायचा. कोणती पुडी उघड्याची, कोणती लेपाची, हे तुला कळता कामा नये. तुझा डोळा तुझ्या बाजूनं झुकेल अशी तुला भीती होती. म्हणून तोलायचं काम माझं, आणि तेव्हा तू खोलीत यायचं नाही. हा नियम तू केलास. माझ्यावर एवढा भरवसा तूच टाकलास, मी मागितला नव्हता.

तू संध्याकाळी यायचास, पुडी उघडून चिमूटभर भुकटी तेलाच्या थेंबात घालायचास आणि कॉलेजच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायचास. उन्हाच्या चष्म्याच्या काचेचे दोन तुकडे तू खाली-वर बसवले होतेस, एकमेकांना आडवे. रवा झाला असेल तर काळ्यात चांदण्या चमकायच्या. झाला नसेल तर नुसता अंधार. आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाला अंधार दिसावा म्हणून जीव मुठीत धरून बसलेलं पाहिलं.

आता मी काय केलं ते.

मी औषधाचं काम बोथच्या सरकारी दवाखान्यात शिकलो. तिथल्या म्हाताऱ्या कंपाउंडरनं पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली: पुडी बांधायच्या आधी भुकटीला खलात बत्त्याचे दोन फेरे द्यायचे. दाणा लहानमोठा राहिला तर एका पुडीत औषध जास्त जातं, एकीत कमी. एकवीस वर्षांत मी एक पुडी त्या दोन फेऱ्यांशिवाय बांधली नव्हती. तुझ्या लेपाचे दाणे पावसाळी हवेत किंचित चिकटायचे, आणि तसेही जाडसर. चिमट्यानं एक दाणा टाकला की काटा इकडं, काढला की तिकडं. शंभरावर बसेना. मी ते खलात घेतले आणि दोन फेरे दिले. मग शंभरावर बसले.

आधी उघडे दाणे, मग लेपाचे, त्याच खलात. मधे कोरड्या फडक्यानं पुसून. दोघांना सारखीच वागणूक म्हणून मी मनात समाधानीही होतो. आणि ऐनवेळी घाई नको म्हणून हे सगळं आदल्या दिवशी दुपारी. म्हणजे लेप फुटलेले दाणे, त्यात उघड्या भुकटीची रव्याची धूळ, कागदाच्या पुडीत, श्रावणातल्या हवेत तीस तास.

वहीत मी त्या दिवसाची हवा लिहिली आहे, खोलीचं तापमान सकाळ-दुपार लिहिलं आहे, कोणत्या बाटलीचं बूच घट्ट निघालं तेही लिहिलं आहे. ते दोन फेरे कुठंच नाहीत. लपवले म्हणून नाहीत असं नव्हे. श्वास घेतला असं कोणी लिहितं का?

पहिल्या नऊ दिवसांनी दोन्ही पुड्यांत थोड्या चांदण्या दिसल्या. अठराव्या दिवशी जास्त. तू म्हणालास की अजून पाहू. छत्तिसाव्या दिवशी तू डोळा वर केलास आणि विचारलंस, “वजन बरोबर हाय ना?” मी रागावलो. मधू, मी रागावलो होतो. मी वही तुझ्यापुढं टाकली आणि म्हणालो, मोजून घे. तू वही न उघडता परत दिलीस. म्हणालास, “तुह्या वहीत चूक नसते. माह्याच लेपात असंल.”

गांधीजयंतीला नव्वद दिवस भरले. उघड्यात आणि लेपात फरक नाही, असा कागद तू साहेबांना पाठवलास. खाली दोघांच्या सह्या. साहेबांचं चार ओळींचं उत्तर आलं, सभ्य. तू ते घडी घालून खिशात ठेवलंस आणि कॉलेजला गेलास, कारण दुसरा तास तुझा होता.

दिवाळीच्या साफसफाईत राखीव बाटली माझ्या हाती लागली. सूक्ष्मदर्शक अजून दुकानातच होता. सहज म्हणून मी चार दाणे, न कुटता, तेलात घातले आणि पाहिलं. अंधार. मला वाटलं, काचा सरकल्या. साखरेचा कण ठेवून पाहिला, तो चमकला. पुन्हा तुझे दाणे ठेवले, अंधार. पाच वेळा पाहिलं. एकशे आठ दिवस झाले होते, सगळा पावसाळा त्या बाटलीनं काढला होता. मग एक चिमूट खलात घेऊन दोन फेरे दिले आणि पुडीत बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पुडीत चांदण्याच चांदण्या होत्या.

तुझं घर दुकानापासून दोनशे दहा पावलं. मी निघालोही. कोपऱ्यावर सोनारानं नमस्कार केला, त्याला माझ्याकडून पुन्हा एक वजन पडताळून हवं होतं. मी दुकानात परतलो, त्याचं वजन पाहून दिलं, तो पाया पडल्यासारखं करून गेला. मग मी राखीव बाटली मोरीत रिकामी केली आणि सोडा घालून धुतली.

का, हे तू विचारशील. मला एवढंच सांगता येतं की त्या दिवशी भैंशात मी काटेशेट होतो आणि उद्या राहिलो नसतो. साहेबांना दुसरं पत्र पाठवायला तेव्हा उशीर झाला नव्हता. फार तर तीन आठवडे झाले होते. हेही मी मोजलं होतं.

नंतर तू मला लाजवत राहिलास, तुला न कळता. नाल्याचं पाणी बाजारात शिरलं ते वर्ष आठवतं? कमरेएवढ्या पाण्यातून तू माझी काचपेटी डोक्यावर घेऊन गेलास. तुझ्या स्वतःच्या घरात पुस्तकं भिजत होती. वहिनी ओट्यावरून ओरडत होत्या आणि तू म्हणत होतास की पुस्तकं वाळतात, काटा गंजला तर गाव कोणावर भरवसा ठेवील. माझ्या पोराचं, दिलीपचं गणित तू तीन वर्षं घेतलंस, एका पैशाशिवाय. आणि वर्षातून एकदा, बहुतेक ऑक्टोबरात, चहा पिता पिता तू सहज विचारायचास, कुठं चुकलं असेल रे आपलं? मी म्हणायचो, हवा. तू मान हलवायचास. नऊ वेळा विचारलंस. नऊही वेळा मी हवाच म्हणालो.

घरात त्याची थट्टा व्हायला लागली. तुझ्या पुतण्यांत ‘काकांचं लाखेचं येड’ असा शब्द रूढ झाला. कोणाचा एखादा बेत फसला की म्हणायचे, लाखेचं झालं. तूही हसायचास. मुक्ता हसायची नाही, मी पाहिलं आहे. पण तिनं तो बेत फसला हे मान्य केलं होतं. बाप हुशार होता, पण त्याचं एक काम फसलं, हे घेऊन ती वाढली.

नांदेडच्या दवाखान्यात दुपारी वहिनी जेवायला खाली गेल्या होत्या. तुझे डोळे पिवळे, आवाज बारीक. तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, पोरीबद्दल काही सांगणार. तू म्हणालास, “गोविंदा, तूच बरोबर होता. पाण्याले आत येऊ देत नाई, त औषधाले बाहेर काऊन येऊ दीन? मी उगाच दहा वर्षं भांडून राह्यलो.”

आयुष्यात एकदाच तू माझ्यापुढं हार मानलीस, आणि ती असल्या कारणानं. त्याच वेळी सांगायला हवं होतं. ओठापर्यंत आलं होतं, असं मी म्हणणार नाही. आलं नव्हतं. मी पेला तुझ्या तोंडाला लावला आणि म्हणालो, झोप. तू दोन घोट घेतलेस. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

तेराव्याला माणसं पांगल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. सांगताना मी वहीही पुढं केली होती. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या. मी थांबल्यावर त्यांनी सूप एकदा पाखडलं. मग म्हणाल्या, “दहा वर्षं त्याह्यले कळलं नाई. आता मले सांगून कोणाचं ओझं हलकं करून राह्यले, भाऊजी?”

मी म्हणालो, माझंच.

“मंग माह्या डोक्यावर नका ठेवू. मुक्ताले सांगा. ते तिचं हाय.” आणि सूप घेऊन आत गेल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलतात, पण पूर्वी चहा न विचारता यायचा, आता विचारून येतो.

मुक्ताला सांगायला मला अजून आठ दिवस लागले. ती इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीत आहे, विज्ञानाला. ओसरीवर बसून तिनं सगळं ऐकलं. मी बासरपासून सुरू केलं, बोथच्या बाईचं सांगितलं, कारण ते दोन्ही तिला माहीत नव्हतं. राखीव बाटलीशी आलो तेव्हा तिनं वर पाहिलं. मोरीचं सांगितलं तेव्हा खाली पाहिलं. मला वाटलं, रडेल, किंवा उठा म्हणेल. मी दोन्हीसाठी तयारी करून गेलो होतो.

तिनं विचारलं, “दोन फेरे म्हणजे जोरात का हलक्या हातानं, काका?”

मी म्हणालो, मध्यम.

“आन् खल धुतला का नुसता पुसला?”

पुसला.

“मंग दोन कारणं झाली. लेप फुटला का उघड्याची धूळ लागली, कोणत्यानं चमकलं ते एका पुडीवरून कळत नाई.” असं म्हणून तिनं कॉलेजच्या वहीचं मागचं पान उघडलं. तू फळ्यावर जसा कोपऱ्यात तारीख टाकून मग सुरुवात करायचास, तशी तिनं तारीख टाकली. मधू, मी तिथं बसून होतो आणि मला तोंड कुठं लपवावं कळत नव्हतं. दहा वर्षांत मी हे कधी वेगळं केलं नव्हतं. अपराध एकदा मान्य केल्यावर तो नेमका कितीचा होता हे मोजायचं मला सुचलंच नाही. तिला पहिल्या पाच मिनिटांत सुचलं.

मी तिला स्पष्ट सांगितलं की माझ्याकडं पुरावा नाही. पुरावा मीच धुतला. तिच्या बापाचा लेप टिकला असं मी म्हणतो ते फक्त माझा शब्द आहे, आणि माझ्या शब्दाचं आता वजन काय ते तिनं ठरवावं. ती म्हणाली, शब्द नको, पुन्हा करून पाहू. औषध नाही तर आधी साखरेवर. साखरेचा कडक पाक पत्र्यावर ओतला की तोही काचच, आणि पावसाळ्यात तोही रवाळतो. पावसाला चार महिने आहेत, तेवढ्यात हात बसेल.

मी म्हणालो, खोली आहे, तराजू आहे, केव्हाही ये.

“खोली अन् तराजू चालंल,” ती म्हणाली. “पण यावेळेस तोलीन मी.”

मी मान हलवली. जे म्हणण्यासारखं होतं ते नांदेडलाच म्हणायला हवं होतं. तुझा तो वाद मात्र अजून तसाच आहे, मधू. लेप पाणी अडवतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. औषध वेळेवर सोडतो का, हे ना तुला पाहता आलं, ना मला. तू हरला नाहीस. मी जिंकलो नव्हतो. एवढं तरी तुला दवाखान्यात कळायला हवं होतं.

काल बुधवारी आम्ही दोघं सुतारी सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं चपडा तराजूत टाकला. मुक्ता जवळ जाऊन काटा स्थिर होईपर्यंत पाहत राहिली. वजन कमी भरलं म्हणून आणखी थोडा टाकायला लावला. मी खिशातून पाकीट काढून हातात धरलं होतं. तिनं ते पाहिलं आणि आपल्या कंपासपेटीतून घडी केलेल्या नोटा काढल्या.

चपडा, पाव किलो. पंचेचाळीस रुपये, दुकानदाराला रोख. दिले मुक्तानं.